नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी होतं का? (नागपूर)

मानेवाड्याची लेक: नमस्कार. वय ३६. बर्डीवर एका दुकानात हिशेब बघते. बारावी रेग्युलर, बी.कॉम. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, ४८ टक्के. नरखेडकडे बाबांच्या शेतीचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या हद्दीचा, दावा सुरू आहे. दर पेशीला मी सोबत जाते अन् वकीलसाहेब काय बोलले ते बाबांना समजावते. आता वाटतं, आपणच शिकावं. माझी पदवी चालते का? एक जण म्हणाला, फी भरा अन् थेट पेपरला या. खरं आहे का जी?

वर्धा रोड: बारावी रीतसर झाली आहे नं, मग मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, तुमचे आहेत. सीईटीला वयाची वरची अट नाही.

अजनीवाली: ताई, त्या थेट पेपरवाल्याचं अजिबात ऐकू नका. मी दोन लेकरं अन् नोकरी सांभाळून ४१व्या वर्षी एलएलबी झाले, म्हणून पोटतिडकीनं सांगते.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे आठवड्याला किमान ३० तासांचे वर्ग अन् प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. अपवाद म्हणून प्राचार्य ६५ पर्यंत चालवून घेऊ शकतात, पण तेव्हाही सगळे विषय मिळून ७० भरावेच लागतात. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी माझी एका विषयात ६३ भरली अन् पेपर हातचा गेला. फार रडले होते. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी मालकांशी वेळेचं पक्कं बोलून घ्या.

तीन वर्षांत १२ आठवडे इंटर्नशिपही करावी लागते. अन् मूट कोर्टच्या, म्हणजे लुटुपुटूच्या कोर्टात सराव करायच्या, पेपरात दोन खटले प्रत्यक्ष बघून डायरी लिहायची असते, एक दिवाणी, एक फौजदारी. ३० गुण. वर्गात काहींनी एकमेकांच्या डायऱ्या उतरवल्या. तुम्ही तसं करू नका. मी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसून राहायची. एका दिवाणी दाव्यात एक म्हातारे साक्षीला उभे होते, धोतराचा सोगा मुठीत धरून. जबाब वाचून दाखवला तर म्हणाले, "मी बांध नाही म्हटलं साहेब, धुरा म्हटलं." समोरचे वकील म्हणाले, एकच आहे. म्हातारे हटेचनात. बांध त्यांनी मागाहून घातला होता, धुरा आजोबांपासूनचा होता. न्यायाधीशांनी शब्द बदलून घेतला. साक्षीपुराव्याचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, पण जबाबातल्या एका शब्दावर किती एकर उभे असतात ते मला तिथं कळलं. तुमचा तर दावाच धुऱ्याचा आहे.

पुस्तकं नवीन घ्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुने खटले मात्र अजून दंड संहितेवरच चालतात, म्हणून दोन्ही कळायला हवं.

वर्धा रोड: एक राहिलं. वकिलीची सनद घेताना पगारी नोकरी सोडावी लागते. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते.

मानेवाड्याची लेक: अजनीताई, तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. धुऱ्यापाशी आले तसे ते उठले अन् लोखंडी पेटीतून आपल्या जबाबाची नक्कल काढून आणली. आम्ही दोघं आता ओळ न् ओळ वाचत बसलो आहे. मालकांशी सोमवारी बोलते.