पॉलिप काढल्यावर सरसकट क्लिप लावावी का?

नौपाडाकर:
गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका रुग्णालयात माझ्या सासऱ्यांच्या मोठ्या आतड्याच्या डाव्या भागातला सात-आठ मिलिमीटरचा पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) कोलोनोस्कोपीने, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून, काढला. रक्त वाहिले नव्हते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही त्यांना चालू नाहीत. तरीही त्या जागी तीन क्लिपा (दुर्बिणीतून लावायचे धातूचे बारीक चिमटे) लावल्याचे आम्हाला बिल हातात पडल्यावर कळले. क्लिपच्या उपयोगाविषयी मला शंका नाही. अल्सरमधली उघडी पडलेली रक्तवाहिनी तिने थेट चिमटीत धरता येते, आणि नुसते अ‍ॅड्रेनालिन टोचून थांबवलेले रक्त पुन्हा वाहू लागण्याचा धोका असल्याने जोडीला क्लिप किंवा उष्णतेचा उपचार करावा, हे सर्वमान्य आहे. माझा आक्षेप 'लावून टाकू, बरे असते' या सवयीला आहे. पोल आणि सहकाऱ्यांच्या 2019 मधल्या चाचणीत 20 मिलिमीटर व त्याहून मोठे, देठ नसलेले पॉलिप काढल्यानंतर होणारा गंभीर रक्तस्राव क्लिपमुळे 7.1 टक्क्यांवरून 3.5 टक्क्यांवर आला, पण हा लाभ उजव्या बाजूच्या पॉलिपांतच दिसला. सासऱ्यांचा पॉलिप या वर्णनात कुठेच बसत नाही.

खारघरची रहिवासी:
आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत आपले म्हणणे पटते; त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पटत नाही. माझ्या आईची हृदयाची झडप बदललेली असल्याने तिला वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध चालू आहे. पॉलिप काढल्यावर सहाव्या दिवशी, मध्यरात्री, तिला रक्ताची शौच झाली आणि रुग्णवाहिका येईपर्यंतचा अर्धा तास मी तिच्या उशाशी नाडी मोजत बसले होते. असा रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही होऊ शकतो, तेव्हा रुग्ण घरी असतो आणि डॉक्टर जवळ नसतात. शिवाय पॉलिप कापताना स्नायूच्या थराला इजा झालेली दिसली, तर छिद्र पडण्याची वाट न पाहता तिथल्या तिथे क्लिप लावणे हेच शहाणपणाचे असते. एक सेंटिमीटरपेक्षा लहान छिद्र लगेच लक्षात आले, तर बहुधा क्लिपांनीच मिटते आणि पोट उघडावे लागत नाही. आतड्याची भिंत डोळ्यांनी पाहणाऱ्याचा निर्णय आपण बिलावरून कसा तपासणार?

नौपाडाकर:
आईंना आता बरे असेल अशी आशा करतो. स्नायूला इजा दिसली होती, एवढे एक वाक्य अहवालात असते, तर मी हा प्रश्न विचारलाच नसता. अहवालात क्लिपांचा उल्लेखसुद्धा नाही.

ऐरोलीकर परिचारिका:
मी एंडोस्कोपी कक्षात काम करते. रुग्ण गुंगीत आणि दुर्बीण आत असताना बाहेर येऊन नातेवाइकांची परवानगी मागणे शक्य नसते, म्हणून क्लिप लागू शकते हे आधीच्या संमतिपत्रात सांगून ठेवले पाहिजे. अहवालात क्लिपांचा उल्लेख नसणे मला बिलापेक्षाही गंभीर वाटते. क्लिपा बहुधा काही आठवड्यांत आपोआप गळून शौचावाटे जातात, पण काही महिनोन्‌महिने टिकतात, आणि काही प्रकारच्या क्लिपा आत असताना एमआरआय करणे सुरक्षित नसते. सासऱ्यांसाठी क्लिपांची संख्या आणि प्रकार रुग्णालयाकडून आजच लेखी मागून घ्या. त्यांना एमआरआय करायची वेळ आली, तर तंत्रज्ञ पहिल्यांदा तेच विचारतील.