एचआयव्ही रोखणारी जेल फसली ती बायकांच्या निष्काळजीपणामुळे?

काही जण म्हणतात की एचआयव्ही रोखणारी जेल, म्हणजे योनीत लावायचं औषधी मलम, बायकांच्या निष्काळजीपणामुळे फसली. हे पटत नाही, आकडे बघा.

संशोधक कुरेशा अब्दुल करीम आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात ८८९ स्त्रियांवर टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या १% जेलची चाचणी घेतली. निकाल २०१० मध्ये आला. संबंधाआधी १२ तासांच्या आत एक मात्रा, नंतर १२ तासांच्या आत दुसरी, आणि २४ तासांत दोनपेक्षा जास्त नाही. जेलच्या वापरलेल्या रिकाम्या नळ्या स्त्रिया दर महिन्याला परत आणायच्या, त्या मोजल्या जायच्या. जेल गटात ३८ जणींना लागण, औषध नसलेल्या साध्या जेलच्या गटात ६०. म्हणजे ३९% घट, आणि नेमाने वापरणाऱ्यांत ५४%.

जेल फसली ती पुढच्या, 'व्हॉइस' नावाच्या चाचणीत; तिथे ती रोज लावायची होती. तोंडी विचारलं की बहुतेकजणी 'लावली' म्हणायच्या, पण रक्ताच्या फक्त २५% नमुन्यांत औषध सापडलं. स्त्रियांशी सविस्तर बोलल्यावर कारणं कळली: नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा विरोध, आणि 'हे औषध घेते म्हणजे हिला एचआयव्हीच असणार' ही कुजबूज. याला निष्काळजीपणा कसं म्हणायचं? ज्या घरात नळ्या लपवाव्या लागतात, तिथे रोजचा डोस टिकणं अवघडच.

म्हणूनच संशोधक लिंडा-गेल बेकर यांच्या नेतृत्वाखालच्या २०२४ च्या चाचणीचा निकाल फार मोलाचा वाटतो. लेनाकापाविर, म्हणजे एचआयव्ही रोखणारं, पोटाच्या कातडीखाली दर २६ आठवड्यांनी दिलेलं इंजेक्शन. ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. यात घरी लपवायला काही उरतच नाही.