'आवर्त' आडवं की उभं?

पाटीपेन्सिल
मुलगी दहावीला, मराठी माध्यम. आवर्तसारणी (मूलद्रव्यांचा तक्ता) शिकवताना तिनं असा प्रश्न टाकला की मी गप्पच. आडव्या ओळींना आवर्त म्हणतात, उभ्या स्तंभांना गण. पण सारखे गुणधर्म सापडतात ते उभ्यात! लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम तिन्ही मऊ, सुरीनं कापले जाणारे, पाण्यात टाकले की हायड्रोजन सोडणारे. ओळीत मात्र एका टोकाला सोडिअम आणि दुसरीकडे क्लोरीन. मग पुन्हा पुन्हा येतं ते उभ्यात आणि 'आवर्त' हे नाव आडव्याला, असं कसं? नावांची अदलाबदल झालीय का?

सम_ते_सम
नाही हो, नावं बरोबर आहेत. आवर्त म्हणजे फेरा. परत येणारी वस्तू आणि ती परत येईपर्यंतचा फेरा या दोन गोष्टी झाल्या.

तिसरंच आवर्त घ्या (आकडे अणुअंकाचे, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येचे). सोडिअम 11, मॅग्नेशिअम 12, ॲल्युमिनिअम 13, सिलिकॉन 14, फॉस्फरस 15, गंधक 16, क्लोरीन 17, अरगॉन 18. संयुजा (दुसऱ्या अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता) बघा: 1, 2, 3, 4, 3, 2, 1, 0. सुरुवातीला चकचकीत धातू, मग धातूपणा उतरत जातो, मध्ये सिलिकॉन धड इकडचा ना तिकडचा (पुस्तकी भाषेत धातुसदृश), पुढे अधातू आणि शेवटी कुणाशी देणंघेणं नसलेला अरगॉन. 19 वर पोटॅशिअम आला की पुन्हा सोडिअमसारखंच वागणं. इथे फेरा पुरा झाला, नवी ओळ.

तबल्यात तीनतालाचं आवर्तन 16 मात्रांचं. सम (पहिली मात्रा) परत येते, पण आवर्तन म्हणजे सम नव्हे, समेपासून पुढच्या समेपर्यंतचं सगळं. वहीत एकेक आवर्तन एकेका ओळीत लिहिलं की सगळ्या समा आपोआप एकाखाली एक येतात. तो झाला तुमचा गण.

टेलचा_शेतकरी
आमच्याकडे आवर्तन म्हणजे कालव्याचं पाणी. 'रब्बीचं दुसरं आवर्तन सुटलं' म्हणजे पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंतची एक पाळी. तिथेही अर्थ फेराच.
पण बँकेतली 'आवर्ती ठेव' घ्या, किंवा गणितातला 'आवर्ती दशांश'. तिथे पुन्हा पुन्हा येणं हाच अर्थ. मला वाटतं गोंधळ इथून होतो. 'आवर्ती' हे विशेषण, म्हणजे ठरावीक अंतरानं परत येणारं. 'आवर्त' हे नाम, म्हणजे एक फेरा. आवर्ती नियमातला (गुणधर्म ठरावीक अंतरानं परत येतात, हा नियम) शब्द आणि ओळीचं नाव, दोन्ही एकाच घरचे पण कामं वेगळी.

पाटीपेन्सिल
हे पटलं! नाम आणि विशेषण वेगळं काढलं की प्रश्नच उरत नाही.

खवचट_वाचक
तबला छान, पण मात्रा जुळत नाहीत. तालाचं प्रत्येक आवर्तन सारख्याच लांबीचं असतं. इथे ओळींतली मूलद्रव्यं 2, 8, 8, 18, 18, 32, 32. असा ताल कोण वाजवणार?

सम_ते_सम
अगदी याच खड्ड्यात इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ न्यूलँड्स पडला. 1865 मध्ये त्यानं अष्टकांचा नियम मांडला: सा रे ग म सारखं आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं. कॅल्शिअमपर्यंत गाडी ठीक चालली, पुढे कोबाल्ट आणि निकेल थेट फ्लुओरीन, क्लोरीनच्या रांगेत जाऊन बसले. लंडनच्या केमिकल सोसायटीत एकानं विचारलं, मूलद्रव्यं वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का? आपल्याकडचे खवचट वाचक त्यापुढे सौम्यच.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं 1869 मध्ये आपली सारणी मांडताना लांबीचा हट्ट धरला नाही. गुणधर्म जुळत नसतील तर घर रिकामं ठेवलं. सिलिकॉनखालच्या अशाच घराला त्यानं 'एका-सिलिकॉन' म्हटलं (हो, आपल्या संस्कृतातलं एक!), अणुवस्तुमान 72 आणि घनता 5.5 असेल असंही सांगून टाकलं. 1886 मध्ये जर्मेनिअम सापडलं: 72.6 आणि सुमारे 5.3.

आणि ओळी असमान का, तर कवचांत इलेक्ट्रॉन भरण्याची पद्धतच तशी. मोजायचं अणुअंकानं, वस्तुमानानं नव्हे. टेल्युरिअम (127.6) आयोडीनपेक्षा (126.9) जड असूनही आधी येतं ते त्यामुळेच. अणुअंकाचं हे महत्त्व इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ मोस्लेनं 1913 मध्ये दाखवलं.

जुनी_वही
अवांतर: 'गण' शब्दानं मला पत्रिकाच आठवते. तिथे गण वेगळे निघाले की स्थळ फिरतं. इथे गण 1 आणि गण 17 दोन टोकांचे, आणि सोडिअम-क्लोरीनचं इतकं घट्ट जमतं की घरोघरी मीठ.

पाटीपेन्सिल
😄 हे लेकीला वाचून दाखवते. आता तिचा पुढचा प्रश्न: हायड्रोजन वायू असून गण 1 मध्ये काय करतोय?

सम_ते_सम
बाहेर एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तिथे बसवलाय. पण एक इलेक्ट्रॉन घेतला की हेलिअमसारखी रचना होते, म्हणून 17 वाल्यांशीही साम्य आहे आणि त्यांच्यासारखाच तो दोन-दोन अणूंच्या रेणूत राहतो. त्याची जागा कोणती यावर मेंडेलीव्हच्या वेळेपासून वाद आहे, त्याला वेगळा धागा काढा.