एमआरआय ‘नॉर्मल’, दोन औषधं निष्फळ, अपस्माराचे (फिटचे) झटके जेमतेम २० सेकंदांचे: उगम शोधायला आधी काय करावं?

कोरोनल_कट (प्रश्न)

प्रौढ रुग्ण. झोपेतून उठवणारे छोटे झटके, २० ते २५ सेकंदांचे, एका रात्रीत चार-पाच. डावा हात ताठ होऊन वर जातो, मग दोन्ही पायांची जोरदार हालचाल. कार्बामाझेपिन आणि लेव्हेटिरासेटम ही अपस्मारावरची औषधं, दोन्ही पुरेशा मात्रेत देऊन झाली, फरक नाही. व्हिडिओ ईईजीत (चित्रीकरणासह मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीत) उजव्या फ्रंटो-सेंट्रल भागात आणि मध्यरेषेवर स्पाइक्स (अपस्माराच्या टोकदार लहरी) दिसतात, पण झटक्याची सुरुवात स्नायूंच्या हालचालीमुळे आलेल्या आर्टिफॅक्टमध्ये (गोंगाटात) बुडून जाते. एमआरआयचा रिपोर्ट नॉर्मल. एफडीजी-पेट (मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो ते दाखवणारा स्कॅन) आणि इक्टल स्पेक्ट (झटका चालू असताना ट्रेसर, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य, टोचून रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन) दोन्हींची सोय आहे. आधी कोणतं? की सरळ एसईईजीकडे (मेंदूच्या आत इलेक्ट्रोड घालून केलेल्या ईईजीकडे) जावं?

पांढरा_करडा

दोन्हींच्या आधी एमआरआयच पुन्हा बघा. ‘नॉर्मल’ हा शब्द कोणत्या प्रोटोकॉलवर लिहिला आहे, ते कळल्याशिवाय त्याला काही किंमत नाही. ५ मिमीच्या अ‍ॅक्सियल स्लाइस आणि मध्ये गॅप असेल, तर मेंदूच्या पृष्ठभागावरच्या घळीच्या (सल्कसच्या) तळाशी दडलेला छोटा डिस्प्लेसिया (कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराची, सदोष घडण) दोन स्लाइसच्या मधून निसटतो. अपस्मारासाठी तीन गोष्टी हव्यातच: ३डी टी१ आणि ३डी फ्लेअर (एमआरआय इमेजचे दोन प्रकार), दोन्ही १ मिमी आयसोट्रॉपिक (तिन्ही दिशांना सारखेच बारीक), आणि हिप्पोकॅम्पसच्या लांब अक्षाला काटकोनात घेतलेला कोरोनल (समोरून उभ्या कापांचा) टी२. ३ टेस्ला आणि ३२ चॅनलची हेड कॉइल मिळाली तर उत्तम. या टप्प्यावर कॉन्ट्रास्टची गरज नाही.

रेडिओलॉजिस्टला मागणीपत्रात फक्त ‘अपस्मार’ लिहून पाठवू नका. ‘उजवा सप्लिमेंटरी मोटर भाग, सुपीरियर फ्रंटल सल्कस आणि सिंग्युलेट बघावा’ असं लिहा; लक्षणांवरून संशय मध्यरेषेलगतच्या, हालचालींशी संबंधित याच भागावर आहे. कुठे बघायचं ते माहीत असलं की त्याच फिल्मवर जखम (बिघडलेली जागा) सापडल्याची उदाहरणं भरपूर आहेत. शोधायच्या खुणा: जाड झालेलं कॉर्टेक्स, करड्या-पांढऱ्या भागाची पुसट सीमा, आणि फ्लेअरवर घळीच्या तळापासून व्हेंट्रिकलकडे (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीकडे) निमुळती होत गेलेली पांढरी शेपूट. तिन्ही प्रतलांत बघा आणि प्रत्येक घळ समोरच्या बाजूच्या जोडीदार घळीशी ताडून बघा. स्कॅनमध्ये डोकं तिरकं असेल तर आधी रिफॉरमॅट करून सरळ करा, नाहीतर खोटा फरक दिसतो.

तुमच्या रुग्णात एक खास धोका आहे. सेंट्रल सल्कस या मोठ्या घळीच्या भोवतीचं कॉर्टेक्स मुळातच पातळ आणि त्यात मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) जास्त, त्यामुळे तिथली सीमा निरोगी माणसातही पुसट असते. रुग्ण हलला तरी सीमा पुसट होते. अशा वेळी डोक्याच्या त्वचेच्या कडेला कंगोरे दिसतात का ते तपासा. जंक्शन मॅपसारखं मॉर्फोमेट्री सॉफ्टवेअर (करड्या-पांढऱ्या सीमेतला फरक आपोआप मोजणारं) वापरायला हरकत नाही, पण ते जिथे बोट ठेवेल ती जागा मूळ इमेजवर डोळ्यांनी पटली तरच धरा.

ट्रेसर_तास

स्पेक्टबद्दल स्पष्टच सांगते: २० सेकंदांच्या झटक्यात त्यातून फारसं हाती लागणार नाही. हिशेब करा. झटका ओळखून सिरिंज दाबेपर्यंत, कर्मचारी पलंगाशेजारी तयारीत बसला असला तरी, ८-१० सेकंद जातात. हाताच्या शिरेतून मेंदूपर्यंत पोहोचायला ट्रेसरला साधारण अर्धं मिनिट लागतं. म्हणजे ट्रेसरमधलं किरणोत्सारी टेक्नेशियम पोहोचेल तेव्हा झटका संपलेला असेल, आणि चित्रात दिसेल तो उगमापासून पुढे झालेला प्रसार किंवा झटक्यानंतर घटलेला रक्तपुरवठा. सगळ्यात भडक ठिपका म्हणजे उगम, असं धरून चालणं यासाठीच घातक आहे.

झटके कधी ४५ सेकंदांपुढे जात असतील तर विचार करा. मग कॅन्युला कोपराजवळच्या मोठ्या शिरेत, एक्स्टेन्शन ट्यूब शक्य तितकी आखूड, आणि ट्रेसरपाठोपाठ लगेच १० मिलीहून जास्त सलाइनचा फ्लश. नाहीतर अर्धा डोस नळीतच राहतो. टेक्नेशियमचं अर्धायुष्य ६ तास, त्यामुळे सकाळी भरलेल्या सिरिंजमधून दुपारी किती मिली द्यायचं, याचा तक्ता पलंगाला लावून ठेवा. झटक्याची सुरुवात, इंजेक्शनची वेळ आणि झटक्याचा शेवट, या तीन वेळा ईईजीच्या घड्याळावरूनच नोंदवा. दुसरा, झटक्याविनाचा स्कॅन निदान २४ तास झटका नसताना; मग दोन्ही स्कॅनची वजाबाकी करून एमआरआयवर बसवायचं.

तुमच्याकडे एफडीजी-पेट आधी. ४ ते ६ तास उपाशी, साखर तपासून, मंद प्रकाशाच्या शांत खोलीत इंजेक्शन. ईईजी मात्र इंजेक्शनच्या आधीपासून चालू हवा. मेंदू ट्रेसर शोषून घेतो त्या अर्ध्या तासात झटका आला तर कमी दिसायची जागा उजळते आणि बाजूच उलटी वाचली जाते. या रुग्णाला झोपेत झटके येतात, तेव्हा त्या वेळात डुलकी लागू देऊ नका. पेट वाचताना थंड (साखर कमी वापरणारा) भाग खऱ्या उगमापेक्षा जवळजवळ नेहमीच मोठा दिसतो, हे धरून चाला. त्याचं खरं काम एमआरआयवर बसवल्यावर सुरू होतं: सगळ्यात थंड घळ कोणती, आणि तिथे फ्लेअरवर काही आहे का?

कोरोनल_कट

आधीचा स्कॅन १.५ टेस्लावर, ४ मिमी अ‍ॅक्सियल फ्लेअर, ३डी काहीच नाही. पुन्हा करायला सांगतो. नव्या एमआरआयत आणि पेटमध्ये एकच घळ निघाली तर एसईईजी टाळता येईल का? आणि २५६ इलेक्ट्रोडच्या ईईजीवरून सोर्स इमेजिंग (लहरींचा उगम मेंदूत कुठे आहे याचं गणित) करण्यात अर्थ आहे का?

मध्यरेषा

सोर्स इमेजिंगमध्ये अर्थ आहे, पण या जागी दोन खड्डे आहेत. झोपेतल्या व्हर्टेक्स शार्प वेव्ह आणि के-कॉम्प्लेक्स या निरोगी लहरीही मध्यरेषेवरच येतात. त्या सरासरीत मिसळल्या तर सुबक दिसणारं चुकीचं उत्तर मिळतं. म्हणून प्रत्येक स्पाइक हाताने निवडा आणि एकाच आकाराच्या स्पाइक्सचीच सरासरी काढा. गणित शिखरावर नव्हे तर चढाच्या मध्यावर करा, कारण शिखरापर्यंत प्रसार झालेला असतो. दुसरं, दोन गोलार्धांमधल्या भिंतीवरचा उगम कधीकधी विरुद्ध बाजूला डोक्याच्या त्वचेवर जास्त उमटतो. इथे उजवी बाजू मला पटते ती स्पाइक्सपेक्षा डाव्या हाताच्या ताठरपणामुळे.

एसईईजी टाळण्याबद्दल: स्पष्ट जखम, तिच्याशी जुळणारी लक्षणं, ईईजी आणि पेट, आणि हाता-पायाच्या मोटर कॉर्टेक्सपासून पुरेसं अंतर, एवढं सगळं जमलं तर थेट शस्त्रक्रियेची चर्चा रास्त आहे. अंतर ठरवायला बोटं आणि पावलं हलवण्याचा एफएमआरआय (त्या हालचालीत मेंदूचा कोणता भाग काम करतो ते दाखवणारा एमआरआय) आणि कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्टची (मेंदूकडून मज्जारज्जूकडे हालचालीचे संदेश नेणाऱ्या तंतूंची) ट्रॅक्टोग्राफी, म्हणजे एमआरआयवरून त्यांची वाट आखणं, हे करा. सप्लिमेंटरी मोटर भाग काढल्यावर विरुद्ध बाजू काही आठवडे लुळी पडू शकते आणि बोलणं थांबू शकतं. हे बहुधा भरून येतं, पण रुग्णाला आणि घरच्यांना आधी नीट सांगायलाच हवं.

जखम मोटर कॉर्टेक्सला चिकटून असेल, किंवा पेट आणि ईईजी वेगवेगळं बोलत असतील, तर एसईईजी हवाच. पण तो शोधमोहीम म्हणून करू नका. इलेक्ट्रोडवरच्या प्रत्येक संपर्कबिंदूला आजूबाजूचे काही मिलिमीटरच ऐकू येतात, त्यामुळे गृहीतक चुकलं तर सगळ्या इलेक्ट्रोडवर दूरवरून आलेला प्रसारच दिसत राहतो. कॉन्ट्रास्ट लागतो तो या टप्प्यावर: इलेक्ट्रोडच्या वाटेतल्या रक्तवाहिन्या टाळायला कॉन्ट्रास्टसह ३डी टी१ किंवा सीटी अँजिओग्राफी घ्या. इलेक्ट्रोड बसवल्यावर पातळ स्लाइसचा सीटी काढून तो आधीच्या एमआरआयवर जुळवा, आणि प्रत्येक बिंदू करड्या भागात आहे की पांढऱ्या, याची यादी रेकॉर्डिंग वाचायला बसण्याआधी तयार ठेवा.