ड्रायव्हर सोडा, पटर उचला

ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या स्टिकने, चेंडू लांब जात नाही म्हणून गोल्फ सुधारत नाही, असं तुम्ही म्हणताय. माझं मत वेगळं आहे. पार ७२ च्या, म्हणजे १८ होल ७२ फटक्यांत अपेक्षित असलेल्या कोर्सवर प्रत्येक होलला २ पट (पटरने चेंडू घरंगळवत मारलेले फटके) धरलेले असतात, म्हणजे ३६. निम्मे फटके ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरच!

मी येरवड्याला पहाटे खेळते. दवात चेंडू रेंगाळतो, ऊन चढलं की तोच पट होल ओलांडून जातो. होलचा खड्डा अवघा १०८ मिलिमीटर रुंद. ३ फुटांवरून सलग २० पट घालायचे, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे खरं, पण ग्रीनवर तिसरा पट लागणं यानेच कमी झालं.

आणि हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, ५४ पर्यंत मिळतो, तेव्हा मुरलेल्यांबरोबर बिनधास्त उतरा. परवा २० फुटांवरून चेंडू आत पडल्याचा आवाज अजून कानात आहे.