शटरिंगवाल्या पोरांच्या कमरा जातायत, बेल्ट द्यावे का?

निपानिया_साइट:
नमस्कार मंडळी. इंदूरला निपानियात घरांची साइट बघतोय, शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा लावायचं-खोलायचं काम, ठेक्यावर दिलंय, पोरं बहुतेक झाबुआ-अलीराजपूरकडची, विशी-पंचविशीतली. दर वेळी छताखालचं शटरिंग खोलून झालं की दोघं-तिघं कंबर धरून बसतात, आणि एकाचा उजवा हात आता खांद्याच्या वर जातच नाही. ठेकेदार म्हणतो नवीन आहेत, सवय झाली की होईल ठीक. मला नाही पटत, कारण टोळीत जो सगळ्यात जुना माणूस आहे त्याचीच हालत सगळ्यात खराब आहे. मालक बेल्ट आणून द्यायला तयार आहेत, पण त्यानी खरंच काही होतं का? प्लेटा लोखंडी, तीन बाय दोन फुटाच्या, खाली टेकूला जॅक आणि काही ठिकाणी बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे.

सेंट्रिंग_घरचा_धंदा:
भाऊ, वडलांपासून हेच काम आमचं, म्हणून सांगतो, आधी हिशोब करून बघा. हजार फुटाचं छत म्हणजे तीन बाय दोनच्या दीडशेच्या वर प्लेटा, एक प्लेट वीस किलोच्या आसपास, झाले तीन टन. आणि हे तीन टन एकदा नाही उचलत, गाडीतून उतरव, वर चढव, बसव, मग खोल, खाली आण, परत गाडीत भर. बीमचा माल आणि जॅक वेगळेच.
त्यातही लावण्यापेक्षा खोलण्यात जास्त माणसं खराब होतात. मान वर, दोन्ही हात डोक्याच्या वर, सब्बल म्हणजे पहार घुसवून अंग पिळून जोर लावायचा, आणि प्लेट सुटली की सगळा भार एकदम अंगावर, त्यात कोणी पडती प्लेट झेलायला गेला की कंबर गेलीच समजा.
प्लेटांना ऑइल नीट लावताय का तेवढं आधी बघा, आणि खोलल्यावर लगेच खरवडून साफ होतात का. ऑइल वाचवलं की प्लेट काँक्रीटला धरून बसते आणि मग ती सोडवायला दुप्पट जोर, तो त्या पोराच्या खांद्यातून निघतो. आणि उभं राहायला घोडी (स्टँड) द्या, म्हणजे छत हाताजवळ येईल, जॅकवर पाय देऊन लटकत खोलू देऊ नका.

फिजिओ_लोकमान्यनगर:
दादा, बेल्टवर पैसे घालू नका. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेनी 1994 मध्येच सांगितलंय की धडधाकट कामगाराला बेल्टनी कमरेची इजा टळते असं सिद्ध झालेलं नाही, उलट बेल्ट आहे म्हणून माणूस जास्त वजन उचलायला जाऊ शकतो.
त्यांचाच उचलण्याचा हिशोब आहे, त्यात सगळं अगदी आदर्श असेल, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, वळणं नाही, घाई नाही, तरी मर्यादा 23 किलोच धरतात. तुमची पोरं तेवढीच प्लेट जमिनीवरून, हात लांब करून, वळत वळत उचलतायत, तिथे ती मर्यादा कितीतरी खाली येते. आपल्याकडच्या 1998 च्या बांधकाम कामगार नियमांत पुरुषाला 55 किलोपर्यंत चालतं, म्हणून ठेकेदाराला वीस किलो किरकोळ वाटतं, पण एकदा उचलणं आणि दिवसभर उचलणं यात फार फरक आहे हो.
म्हणून थप्पी जमिनीवर लावू नका, खाली फळ्या-विटा देऊन मांडीच्या उंचीला आणा. एवढ्यानीच वाकणं खूप कमी होतं.
आणि ज्याचा हात वर जात नाहीये त्याला सवयीवर सोडू नका प्लीज, खांद्यातले स्नायू हाडाला जिथे धरतात ती दोरी फाटलेली असू शकते. हाडांच्या डॉक्टरला दाखवा आणि तोपर्यंत वर हात करायचं काम बंद.

बडोदेकर_मायवान:
मी बडोद्याला अ‍ॅल्युमिनियम शटरिंगवर आहे. लोकांना वाटतं हलकं म्हणजे सुटलो, पण तसं नाहीये. पॅनल स्लॅबमधल्या भोकातून हातानीच वरच्या मजल्यावर देतात, खालचा ढकलतो वरचा वाकून ओढतो, आणि पॅनल जोडायच्या पिन-वेजवर (खिळ-पाचरीवर) दिवसभर हातोडी, त्यामुळे आमच्याकडे कमरेपेक्षा मनगट आणि कोपर जास्त धरतात. आम्ही वरच्या-खालच्या माणसांची अदलाबदल सुरू केली, अर्ध्या दिवसानी, तेव्हापासून तक्रारी कमी आहेत.

निपानिया_साइट:
फिजिओ ताई, त्या हातवाल्या पोराला उद्याच डॉक्टरकडे घेऊन जातो. ऑइलचं खरं आहे, काल बघितलं तर नुसतं फडकं फिरवलेलं. पण अडचण अशी की ठेका फुटावर आहे, जेवढे फूट काम तेवढे पैसे, अदलाबदल म्हटलं की पोरंच नको म्हणतात, वेळ जातो म्हणून.

सेंट्रिंग_घरचा_धंदा:
मग खोलाईचं फुटावरून काढा आणि रोजावर द्या, भाऊ. लावणं राहू द्या फुटावर. खोलाईला घाई नसली की पोरं आपोआप दोघं मिळून प्लेट उतरवतात, आम्ही असंच करतो. आणि माल चढवायची छोटी लिफ्ट भाड्यानी मिळते, बेल्टचे पैसे तिच्यात घाला, जिन्यानी डोक्यावर प्लेटा नेणं आधी बंद होऊ द्या.

फिजिओ_लोकमान्यनगर:
अजून एक, कोणाची कळ कमरेतून पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल तर काम थांबवा. लघवीवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी एमवाय हॉस्पिटलला न्या, सकाळची वाट बघू नका.