वसतिगृहात कांजिण्यांची साथ: नोंद कशी ठेवावी, वेगळं किती दिवस ठेवावं?

वसतिगृह_रेक्टर
नमस्कार. विद्यापीठाच्या वसतिगृहात आठवड्याभरात कांजिण्यांचे चार रुग्ण निघालेत, सगळे एकाच मजल्यावरचे. खोल्या तिघा-तिघांच्या, मेस एकच, बाथरूम सामायिक. नोंद सध्या वहीत आहे आणि आजारी मुलाला घरी पाठवायची पद्धत आहे. नोंद नेमकी कशाची आणि कधीपर्यंत ठेवायची? पंधरा दिवसांवर परीक्षा आहे.

साथरोग_डॉक्टर
सर, आधी एक गोष्ट बघा. संसर्ग झाल्यापासून पुरळ यायला 10 ते 21 दिवस लागतात. म्हणजे आठवड्याभरात निघालेल्या या चौघांनी एकमेकांना आजार दिलेला नाही. दोन-तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी होऊन गेलंय आणि ते तुमच्या वहीत नाही. त्या काळातली गेट रजिस्टरमधली रजेची पानं काढा, मजल्यावर विचारा. पुढची लाट बरोबर परीक्षेत येईल, म्हणून तयारी आत्ताच हवी.

प्रत्येक रुग्णाच्या तीन तारखा लागतात: पुरळ दिसल्याची, वेगळं ठेवल्याची, सगळ्या फोडांवर खपली धरल्याची (तोपर्यंत वेगळं ठेवायचं). बहुतेक वह्यांत डॉक्टरकडे गेल्याची तारीख असते. ती निरुपयोगी, कारण पुरळ दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून रुग्ण संसर्ग पसरवतो.

उदाहरण घ्या. पुरळ 3 फेब्रुवारीला दिसलं आणि त्याच दिवशी मुलाला हलवलं. मग 1 ते 3 फेब्रुवारी हा संपर्काचा काळ. खोलीतल्या दोघांवर 9 फेब्रुवारीपासून (पहिल्या संपर्कानंतर आठवा दिवस) 24 फेब्रुवारीपर्यंत (शेवटच्या संपर्कानंतर एकविसावा) लक्ष ठेवायचं. रोज सकाळी ताप आणि पुरळ विचारायचं, "काही नाही" असेल तरी तसं लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे तब्येत ठीक की विचारलंच नाही, हे नंतर कळत नाही.

संपर्क म्हणजे फक्त रूममेट नव्हेत. अभ्यासिकेत तासभर शेजारी बसलेले, रोज एकत्र जेवणारे, क्रिकेटची टीम, सगळे धरा. पूर्वी कांजिण्या झालेल्यांना किंवा लसीचे दोन डोस घेतलेल्यांना वेगळं ठेवायची गरज नाही, लक्ष मात्र ठेवा. शेवटच्या रुग्णाच्या पुरळानंतर 42 दिवस नवा रुग्ण नसेल तरच नोंद बंद करा. आठवडाभर शांत गेला की वही मिटतात आणि दुसरी लाट कुणाच्याच हिशेबात राहत नाही.

महापालिकेच्या आरोग्य विभागाला आजच लेखी कळवा. ग्रामीण भाग असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला. तिथून माहिती जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांकडे जाते.

मेस_आणि_मजला
घरी पाठवण्याबद्दल: एसटीने अजिबात नको. बसमध्ये आणि घरी तान्ही मुलं, गरोदर बायका असू शकतात. घर जवळ असेल, खाजगी गाडी असेल आणि घरच्या सगळ्यांना कांजिण्या होऊन गेल्या असतील तरच पाठवा. नाहीतर मजल्याच्या टोकाच्या दोन खोल्या आणि एक बाथरूम राखून ठेवा. निदान पक्कं असलेले रुग्ण एका खोलीत चालतील, संशयित त्यांच्यात घालू नका. कॉरिडॉरकडचं दार बंद, बाहेरची खिडकी उघडी. डबा दाराशी ठेवायचा, आणि डबा देणाऱ्याला कांजिण्या होऊन गेलेल्या असाव्यात. नुसत्या मास्कवर विसंबू नका.

वही सोडून एक्सेल करणार असाल तर नावाऐवजी पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) हीच ओळख ठेवा. एकाच मुलाचं नाव तीन स्पेलिंगनी येतं आणि एकाचे तीन रुग्ण होतात. तारखेत महिना अक्षरात लिहा, 03/02 चा 2 मार्च होतो आणि सगळे दिवस चुकतात. फाइल दोघांकडेच, पासवर्डसह. यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एकदा नाव फुटलं की पुढचा मुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वर्गात बसतो.

लपवण्याचं खरं कारण हजेरी आणि परीक्षा. वेगळं ठेवलेल्या दिवसांची हजेरी कापली जाणार नाही, पेपर स्वतंत्र खोलीत किंवा नंतर घेतला जाईल, असं विभागप्रमुख आणि परीक्षा विभागाच्या सहीचं पत्रक पहिल्याच दिवशी लावा. बाकी सगळे उपाय यावर उभे आहेत.

साथरोग_डॉक्टर
पत्रकाचा मुद्दा अगदी खरा. औषधांचंही सांगतो. तापाला पॅरासिटामॉल चालेल; ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन मात्र नको. प्रौढांना हा आजार लहान मुलांपेक्षा जड जातो, म्हणून विषाणूविरोधी गोळ्यांसाठी पुरळ दिसल्यापासून 24 तासांत डॉक्टर गाठावा. धाप, सततचा खोकला, गुंगी, तोल जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय.

आजार न झालेल्या, लस न घेतलेल्या संपर्कांना 3 दिवसांत, फार तर 5 दिवसांत लस मिळाली तर उपयोग होतो. दुसरा डोस किमान 4 आठवड्यांनी. गरोदर कर्मचारी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांना ही लस देत नाहीत. त्यांचा संपर्क आला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, त्यांच्यासाठी वेगळं इंजेक्शन असतं आणि ते 10 दिवसांच्या आत द्यावं लागतं.

वसतिगृह_रेक्टर
आभारी आहे. एका मुलाने लस घेतलेली आहे. पंधरा-वीस लाल पुटकुळ्या आहेत, पाणी नाही, खपलीही धरत नाही. त्याला कधी सोडायचं?

साथरोग_डॉक्टर
लस घेतलेल्यांना असंच होतं. त्याच्याकडूनही लागण होते, फक्त कमी प्रमाणात. सलग 24 तास एकही नवी पुटकुळी आली नाही की सोडा. रोज ठरावीक वेळी पोट, पाठ आणि डोक्याची त्वचा बघा, नव्या पुटकुळ्या केसांत सहज नजरेतून सुटतात.